नगराचे पाणी आणि खुटबावचे शेत

आधुनिक राष्ट्रापुढील प्रश्न असे म्हटले, की आपल्या मनासमोर मोठमोठी नावे उभी राहतात. लोकसंख्या, दारिद्र्य, शिक्षण, बेकारी, शहरांची वाढ, अशी ही यादी व्याख्यानाच्या विषयपत्रिकेत भारदस्त दिसते. परंतु या प्रश्नांचा एक स्वभाव आहे. ते एकएकटे येत नाहीत, आणि ते राजधानीत राहत नाहीत. ते एखाद्या गावच्या शिवारात एकत्र भेटतात आणि तिथेच त्यांची खरी ओळख पटते. म्हणून आजच्या विषयासाठी मी फार लांब जाणार नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव नावाचे स्थानक लागते. त्या गावाच्या आसपासच्या शेताला पाणी कोठून येते, किती येते, कसे येते आणि ते कोणी ठरवावे, एवढाच प्रश्न आपण आज घेऊ. त्याच्या पोटात वरची सारी यादी सापडते, असे आपल्या लक्षात येईल.

एका जुन्या योगायोगाची आठवण प्रथम करून देतो. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारगावी कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे शहरात लोक विचार ऐकायला जमत होते, त्याच उन्हाळ्यात चाळीस-पन्नास मैलांवर शेतकऱ्याची सहनशक्ती संपली होती. विचाराचे व्यासपीठ आणि शेताचा बांध यांतील हे अंतर कमी करणे हे व्याख्यानमालांचे एक काम आहे, असे मी समजतो.

धरण कोणासाठी?

ज्या १८७९ साली तो कायदा झाला, त्याच साली मुठा नदीवरील खडकवासल्याचे धरण पुरे झाले. हेतू दोन होते. एक, पुणे शहर आणि लष्कर यांना पिण्याचे पाणी देणे, आणि दुसरा, पूर्वेकडच्या अवर्षणी मुलखाला कालव्याने भिजवणे. सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे ही नदी उगम पावते, तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. दौंडच्या बाजूला पाचशेच्या आसपास पडला तरी शेतकरी बरे वर्ष म्हणतो. निसर्गाने एकीकडे उधळपट्टी केली आणि दुसरीकडे हात आखडता घेतला. ती विषमता कालव्याने भरून काढावी, ही कल्पना होती. उजवा कालवा हडपसर, लोणी, उरुळी, यवत असा पाटसपर्यंत नेण्यात आला. आजही लोक त्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात.

तेव्हा लष्कर धरून पुण्याची वस्ती सुमारे सव्वा लाख होती. सव्वा लाख माणसांची तहान ती केवढी! धरणातील पाण्याच्या मानाने ती नगण्यच होती, म्हणून दोन हेतूंमध्ये भांडण असण्याचे कारण नव्हते. पाणी मोजून, वाटून द्यावे ही दृष्टीही त्या काळात आली. पुढे सर झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात अभियंते होते. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली, आणि नीरा कालव्यावर पाण्याची गटपद्धती सुचवली. गटपद्धतीचा मथितार्थ एवढाच, की थोड्या शेतांना बारमाही पाणी पाजण्यापेक्षा अनेक गावांना ठरावीक हिश्शाने आणि ठरावीक वेळी पाणी द्यावे, व उसासारखे पीक गटाच्या एका भागातच घ्यावे. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या चर्चेपेक्षा मागासलेला वाटत नाही.

पुढची हकीकत आपणांस ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी नवे बांधलेले पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. दोन्ही धरणे नंतर नव्याने उभी राहिली, वरसगाव आणि टेमघर ही आणखी दोन बांधली गेली. चारही मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ अब्ज घनफूट भरतो. वृत्तपत्रांत ज्याला टीएमसी म्हणतात तेच हे अब्ज घनफूट. हवेली, दौंड, इंदापूर या तालुक्यांतील सुमारे ६२ हजार हेक्टर जमीन भिजवण्यासाठी दोनशे किलोमीटरचा नवा उजवा कालवा काढण्यात आला. कागदावर सर्व हिशेब जुळत होता.

सातांचे वीस कसे झाले?

हिशेब बिघडला तो शहराच्या वाढीने. १९५१ साली पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती ३१ लाखांवर गेली. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे हद्दीत घेतली गेली. शहराला वर्षाला साडेअकरा अब्ज घनफूट पाणी मंजूर होते. प्रत्यक्ष उचल मात्र पंधरा, अठरा, आणि अलीकडे वीस अब्ज घनफुटांच्याही पुढे गेलेली आहे.

येथे थोडे गणित करू. गणिताला श्रोते भितात हे मला माहीत आहे, परंतु हे गणित तिसरीच्या मुलालाही येईल. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सर्वसाधारण प्रमाण आहे. चाळीस लाख माणसे धरली तर रोजचे ५४ कोटी लिटर आणि वर्षाचे सुमारे सात अब्ज घनफूट होतात. साठ लाख धरली तर साडेदहा. मग वीस कुठून आले?

महानगरपालिका म्हणते, आमची लोकसंख्या तुम्ही समजता त्याहून पुष्कळ मोठी आहे, रोज येणारे-जाणारे लोकही पाणी पितात. पाटबंधारे खाते म्हणते, हा आकडा आम्हांला मान्य नाही. दोघांत निवाडा कोण करणार? निवाडा करायची ती जनगणना, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मोजणी टळली की न्यायही टळतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित मिळेल. दुसरे उत्तर गळतीचे. शहराच्या नळांतून जाणाऱ्या पाण्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग घरात पोहोचण्याआधीच वाया जातो, ही गोष्ट खुद्द पालिकेच्याच आराखड्यांत मान्य केलेली आहे. वीसांतले सहा-सात अब्ज घनफूट कोणाच्याच घशाखाली उतरत नाही. जे कोणी प्यायले नाही, त्याच्यासाठी शहर आणि खेडे भांडत आहेत.

कालव्याची अवस्था याहून बरी नाही. उघड्या, झिजलेल्या कालव्यातून पाणी झिरपते, बाष्प होऊन उडते, वाटेत परस्पर उपसलेही जाते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ या कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरले, तेव्हा शहराला आपल्या पोटातून शेतीचा कालवा जातो याची आठवण झाली. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्याने पाणी नेण्याची योजना मंजूर आहे. तीत दोन अब्ज घनफुटांहून अधिक पाणी वाचेल असा सरकारी अंदाज आहे.

उसाचा दोष कोणाचा?

आता दुसरी बाजू पाहू. शहरातील सुशिक्षित मंडळींचे या प्रश्नावर एक ठरलेले उत्तर असते. ‘हे लोक ऊस लावतात, म्हणून पाणी पुरत नाही.’ या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धेच. पाटाने मोकळे पाणी दिले तर एक एकर ऊस वर्षभरात एक कोटी लिटरच्या आसपास पाणी घेतो. आपल्या १३५ लिटरांच्या हिशेबाने तेवढ्यात दोनशे नगरवासीयांचे वर्ष निघते. महाराष्ट्रातील एकूण पीकक्षेत्रात उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यात तो निम्म्याहून पुष्कळ अधिक, हे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने वारंवार दाखवले आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु शेतकरी ऊस का लावतो, हेही विचारले पाहिजे. केडगाव-खुटबावचा शेतकरी काही पाण्याचा शौकीन म्हणून ऊस लावत नाही. कांदा लावला तर काढणीच्या दिवशी भाव काय असेल हे देवालाही ठाऊक नसते. टोमॅटो कधी सोन्याच्या भावाने जातो, कधी रस्त्यावर ओतावा लागतो. उसाला मात्र कायद्याने ठरवलेला किमान भाव आहे, ठरलेले गिऱ्हाईक आहे, आणि चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. नियम पाळला जातोच असे नाही. पण मोडण्यासाठी तरी तिथे नियम आहे. इतर पिकांना तोही नाही. कारखान्याने नाकारला तर गावातले गुऱ्हाळ आहेच.

आणखी एक कारण आहे, आणि ते शहरात फारसे कोणी सांगत नाही. ऊस हे पीक सोशिक आहे. कालव्याचे आवर्तन आठ-पंधरा दिवस पुढे गेले तर भाजीपाला करपतो, ऊस मात्र तग धरतो, आणि पाणी आले की पुन्हा हिरवा होतो. म्हणजे ज्याला पाणी कधी येईल याची खात्री नाही, तो खात्रीचे पीक म्हणून सर्वांत तहानलेलेच पीक निवडतो! पाण्याची अनिश्चितता हीच पाण्याच्या उधळपट्टीला जन्म देते. ‘सात नंबर’चा अर्ज भरून, पाणीपट्टी देऊन, चारीच्या शेवटच्या टोकाला जो शेतकरी रात्री दारे धरायला उभा असतो, त्याच्यापर्यंत पाणी पोहोचते की नाही, यावर त्याचे पीक ठरते. त्याला उपदेश करण्याआधी आवर्तनाची तारीख पाळून दाखवली पाहिजे. ठिबकाने उसाचे पाणी बरेच कमी होते हे खरे. परंतु ठिबकाला पाणी थोडे पण रोजच्या रोज लागते, आणि कालवा तर दोन-दोन महिन्यांनी येतो. मधल्या काळासाठी शेततळे किंवा विहीर नसेल, तर ठिबकाच्या नळ्या बांधावर पडून राहतात.

नदी काय घेऊन येते?

खुटबावच्या एका अंगाला कालव्यांचा पट्टा आहे, तर दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा वाहते आणि पुढे वाळकी-रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. शहराने कालव्यातले पाणी कमी केले, तेव्हा नदीतले वाढले, आणि ही वाढ कौतुकाची नाही. आपण घरात वापरलेले पाणी गटारातून नदीत आणि नदीतून राहू बेटाच्या, दौंडच्या बंधाऱ्यांत जाते. जलपर्णीने नदी हिरवीगार दिसते. अनोळखी माणसाला ती कुरणासारखी वाटावी! शेतकरी तेच पाणी विद्युतपंपाने उचलतो, कारण दुसरे नाही. विहिरींत तेच झिरपते. पुढे ते उजनीच्या जलाशयात जमा होते आणि सोलापूर जिल्हा ते पितो. शहराच्या न्हाणीघरात प्रश्न संपत नाही. तो फक्त पूर्वेकडे सरकतो.

असे व्हायला नको होते. शहराला साडेअकरा अब्ज घनफूट पाणी दिले, तेव्हाच अट होती की त्यातले साडेसहा अब्ज घनफूट शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावे. त्यासाठी मुंढव्याला बंधारा आणि पंपगृह उभारून शुद्ध केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडण्याची योजनाही झाली. कल्पना उत्तम आहे. इस्राएलसारखा देश आपल्या सांडपाण्यापैकी बहुतेक सर्व पाणी शुद्ध करून शेतीला देतो आणि वाळवंटात फळबागा पिकवतो. आपल्याकडे उणीव आहे ती शुद्धतेची आणि सातत्याची. शहरात निर्माण होणारे सगळे मैलापाणी शुद्ध होत नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने २०१६ साली मंजूर झालेल्या शुद्धीकरण केंद्रांच्या कामांना वर्षानुवर्षे विलंब झाला. तेव्हा शेतकरी विचारतो, ‘आमचे स्वच्छ पाणी तुम्ही घेतले, ते परत देताना असे का?’ या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे, कारण तो न्याय्य आहे.

वाटणी कोणी करावी?

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. २००३ सालच्या राज्याच्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०११ साली शेती उद्योगाच्या आधी आणली गेली. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याचा हक्क मोजून ठरवावा आणि तंट्यांचा निवाडा करावा, हे त्याचे काम. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि आपसांत वाटण्याचा अधिकार दिला. २०१८ साली पुण्याच्या जादा उचलीवर प्राधिकरणाने बोट ठेवले, मर्यादेत राहा असे सांगितले. आदेश झाले, पण उचल थांबली नाही. आणि कोणता अधिकारी चाळीस-पन्नास लाखांच्या शहराचा नळ बंद करील? प्रत्यक्षात वाटणी ठरते ती कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, पालकमंत्र्यांसमोर. ज्याचा आवाज मोठा त्याचे आवर्तन आधी. शहरात आमदार अधिक, वृत्तपत्रे अधिक, आणि मतेही अधिक. चारीच्या टोकाचा माणूस त्या बैठकीला नसतो.

परदेशातही शहरांनी असेच केलेले आहे. अमेरिकेत लॉस अँजेलिस शहराने १९१३ साली दूरच्या ओवेन्स खोऱ्याचे पाणी नळमार्गाने आणले. शहर फुलले, पण खोऱ्यातले सरोवर आटले आणि त्याच्या कोरड्या तळाची धूळ आवरण्यासाठी पुढे त्याच शहराला अतोनात पैसा खर्चावा लागला. शेजाऱ्याला उजाड करून झालेली बचत ही बचत नसते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्ध्या एकराचे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. ऊस नाही. पाणी ज्याच्या विहिरीत त्याचे, ही समजूत मोडून पाणी सर्वांचे आहे असे मानणे ही या प्रयोगाची खरी कमाई. सगळे नियम दौंडच्या कालव्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु वाटणीचे तत्त्व आधी ठरवा आणि मग दार उघडा, हा धडा धरणालाही लागू आहे आणि शहरालाही.

नागरिकांनी काय करावे?

असो. निदान पुष्कळ झाले, औषधाचे बोलू. पहिली गोष्ट मोजण्याची. धरणातून शहराने किती घेतले, कालव्यात किती सोडले, टोकाला किती पोहोचले, आणि शुद्ध करून किती परत आले, हे चार आकडे दर महिन्याला एकाच फलकावर प्रसिद्ध व्हावेत. पुण्यातही आणि यवत-केडगावच्या चावडीवरही. दुसरी, गळतीची. गळतीतून वाचलेले एक अब्ज घनफूट पाणी पावणेसहा लाख माणसांना वर्षभर पुरेल, आणि तेही नवे धरण न बांधता, कोणाचे गाव न बुडवता. तिसरी, परतफेडीची. शुद्ध पाणी परत देणे हा शहराचा उपकार नव्हे, ते कर्ज आहे. आणि कर्जफेडीला दर्जाची अट असलीच पाहिजे. चौथी, शेतकऱ्याच्या बाजूची. आवर्तनाची तारीख आधी जाहीर करून पाळावी, शेततळ्याला आणि ठिबकाला जोडीने साहाय्य द्यावे, आणि उसाइतकी नव्हे तरी काही खात्री डाळी, तेलबिया, भाजीपाला यांच्या खरेदीतही यावी. मग ऊस कमी करा असे सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल.

शेवटी ‘शहर’ आणि ‘खेडे’ हे शब्द आपण वापरतो, त्यांचाच थोडा विचार करू. खुटबावचा तरुण नोकरीसाठी हडपसरला येतो, मांजरीला खोली घेतो आणि नळाचे पाणी पितो. त्याचे वडील गावी आवर्तनाची वाट पाहतात. या तंट्यात तो तरुण कोणत्या पक्षाचा? आणि आपण सकाळी जे दूध, दुपारी जी भाजी आणि संक्रांतीला जो गूळ खातो, त्यांत कालव्याचेच पाणी नाही काय? पक्ष दोन नाहीत. एकाच घरातली ही वाटणी आहे. घरातली वाटणी वडीलकीच्या जोरावर झाली तर धाकटा घर सोडतो. दौंडच्या वाटेवर जमिनी विकल्या जात आहेत, ते त्याचेच लक्षण समजावे. पण ती सर्वांसमोर, माप ठेवून झाली, तर थोडे कमी मिळालेलाही कुरकुर करीत का होईना, घरात राहतो. १८७५ साली वह्या जाळाव्या लागल्या, कारण त्यांत काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला दाखवले जात नव्हते. पाण्याची वही तरी आपण उघडी ठेवू या.